गनस्लिंगरचा अर्थ

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो. हसू नका, एके काळी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझा दरारा होता! नागपूरच्या छापखान्यात माझा जन्म झाला. सरकारी कचेरीत अनुवाद करणाऱ्या नीळकंठरावांनी मला विकत घेतलं. अडलेले वकीलसुद्धा माझ्याकडे धावत यायचे. मला त्याचा भारी गर्व होता.

तीन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी ज्योत्स्ना आणि तिच्याबरोबर शाळेत शिकवणारा अश्विन रामटेके यांनी लग्न करायचं ठरवलं. अश्विन लांजीचा, बौद्ध घरचा. नीळकंठरावांना तो नको होता. पण तसं तोंडावर म्हणणार कसे? सुशिक्षित ना ते! त्यांनी मला मांडीवर घेतलं.

"जावई इंग्रजीत पक्का हवा. एकच शब्द विचारतो. चुकलात तर विषय बंद."

"हौ काका, विचारा."

"गनस्लिंगर."

"अमेरिकेच्या पश्चिम भागातले जुन्या काळचे बंदूकबाज. कमरेले पिस्तूल लटकवून फिरत. पण त्यांच्या जमान्यात त्यांले असं कोणी म्हणत नव्हतं. सिनेमावाल्यांनी हे नाव मागून चिकटवलं."

अहो, अगदी बरोबर! माझ्या पानावर हेच छापलं होतं. नीळकंठरावांनी ते वाचलं, त्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "चूक. इथे 'शिकारी' लिहिलंय. राखीव कोट्यातल्या मास्तरांकडून आणखी काय अपेक्षा!"

मला तोंड नाही. असतं तरी बोललो असतो का, कुणास ठाऊक. त्या घरचं मीठ खाल्लं होतं मी.

अश्विन ज्योत्स्नाकडे वळला. "मी बरोबर सांगितलं. तू पाह्य ना पुस्तक."

"बाबा खोटं काहून बोलतील?" ती म्हणाली.

तिने हात पुढे केला नाही. अश्विन उठून गेला. पुढच्या वर्षी गोंदियात त्याचं लग्न झालं.

मग मी माळ्यावर पडलो. कसरीने माझे कोपरे खाल्ले. गेल्या महिन्यात रद्दी काढताना ज्योत्स्नाने मला उघडलं, ते पान शोधलं आणि उभ्याउभ्या वाचलं. मला घेऊन ती वडिलांसमोर गेली.

"बाबा, त्याचं बरोबर होतं."

नीळकंठरावांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "मला माहीत होतं. चहा टाक."

तिने चहा टाकला.

मित्रांनो, आमच्यावर धूळ बसली तरी चालेल, पानं सुटली तरी चालेल. पण पुस्तकात असं लिहिलंय म्हणून कुणी तुमच्या माणसाला खोटं पाडत असेल, तर ते पुस्तक हिसकावून घ्या आणि तिथल्या तिथे स्वतः वाचा.