माणूस नसलेलं दुकान

गाडी बदलायच्या स्टेशनवर दोघी उतरल्या आणि सासूबाई म्हणाल्या, "जरा बसू या का?"

सुनेने मान वर करून पाहिलं. सासूबाई कधी बसू या म्हणत नसत. आयुष्यभर त्यांनी वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान उभ्यानेच चालवलं होतं. दुकानात स्टूल होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी. आज मात्र त्या बॅगेवरच टेकल्या. कपाळावर घाम होता आणि फलाटावर तर चांगलंच गार होतं.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. असा गार घाम कशाचा ते तिला कोणी सांगायला नको होतं. सासूबाईंनी विमानात मधुमेहाची गोळी वेळेवर घेतली आणि जेवण तसंच परत केलं. "वास येतोय," म्हणाल्या. पर्समधली बिस्किटं विमान उशिरा सुटलं तेव्हाच संपली होती.

"आई, हात बघू." हात थरथरत होता. "साखर उतरलीय. चला, समोर दुकान आहे."

"मला काही झालेलं नाही. प्रवासाचा शीण आहे." पण त्या उठल्या, सुनेचा खांदा धरून.

त्यांच्याबरोबर उतरलेली चार माणसं जिना चढून निघून गेली होती. फलाटाच्या कडेला काचेचं एक दुकान होतं. आत दिवे, फडताळं, थंड बाटल्या, बिस्किटं, सगळं होतं, फक्त माणूस नव्हता. दाराशी गल्ला नाही. एक मशीन होतं, वस्तू त्याच्यासमोर धरायची आणि फोन टेकवायचा.

हे सगळं सुनेने घरी चांगलं समजून घेतलं होतं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर सुरू केला, रोजची मर्यादा ठरवली, कार्ड फोनमध्ये जोडलं, अंगठ्याची खूण दिली. विमानतळावर सासूबाई नोटा बदलायच्या खिडकीपाशी थांबल्या होत्या. "थोडे तरी सुटे असू देत," म्हणाल्या होत्या. त्यावर ती हसून म्हणाली, "आई, आता सुटे कोण घेतं? फोन आहे ना." आणि खरंच, इथे उतरल्यावर घेतलेलं सिम, रेल्वेची तिकिटं, सगळं फोन टेकवला की होत गेलं.

तिने संत्र्याच्या रसाची बाटली घेतली, मशीनला दाखवली, फोन टेकवला. लाल दिवा लागला.

पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

"काय झालं?"

"काही नाही, नेटवर्क असेल." तिने बाटली पुढे केली. "तुम्ही प्या तोवर."

सासूबाईंनी हात मागे घेतला. "पैसे गेले का?"

"जातील. तुम्ही घोट घ्या आधी."

"पैसे दिल्याशिवाय तोंड लावायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण ठाम. "माझ्या दुकानातून कोणी असं पेन उचललं असतं तर मी काय म्हटलं असतं?" त्यांनी बाटली तिच्या हातातून घेतली आणि फडताळात होती तिथे नीट ठेवून दिली.

सून वाद घालत बसली नाही. तिला वाटलं, दोन मिनिटांचं तर काम आहे. तीच तिची चूक झाली. मशीनवर 'मदत' असं लिहिलेलं बटण तिने दाबलं. कुठेतरी घंटी वाजत राहिली, कोणी उचललं नाही. नवऱ्याला फोन लावला, त्याच्याकडेच त्या निघाल्या होत्या. तो जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत, फोन बाहेर लॉकरमध्ये. बँकेचं ॲप उघडलं तर त्यावर लिहून आलं, नोंदवलेलं सिम या फोनमध्ये नाही.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. विमानतळावर तिने घरचं सिम काढून इथलं घातलं होतं. बँकेने काही विचारलं असेल तर ते घरच्या नंबरावर, आणि घरचं सिम पाकिटाच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिने कानातलं काढलं, त्याची दांडी फोनच्या बारीक भोकात घातली. ती घसरली. पुन्हा घातली. नखाएवढं सिम बोटातून सुटून फरशीवर पडलं आणि ती गुडघ्यावर बसून ते चाचपू लागली.

सासूबाई फडताळाला टेकून खाली बसल्या होत्या.

सिम बसलं. नेटवर्क शोधतोय, शोधतोय. मग फोन वाजला.

"नमस्कार मॅडम, बँकेतून बोलतोय," आवाज आर्जवी होता, आपल्याच भाषेतला. "तुमचं कार्ड अडकलंय बघा. घाबरू नका, आत्ताच सुरू करून देतो. आता एक ओटीपी येईल, तेवढा सांगा."

तिला हायसं वाटलं. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं. मेसेजही लगेच आला. आकडे तिच्यासमोर होते. ती पहिला आकडा बोलणारच होती, तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "ताई, किती प्रती काढायच्या?"

सून वळली. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या, पण ओळख नव्हती डोळ्यांत. "दोन्ही बाजूंनी काढू का? आणि सुटे द्या हं, सकाळपासून सगळे नोटाच देतायत."

"मॅडम, लवकर सांगा, नाहीतर कार्ड कायमचं बंद होईल," फोनमधला माणूस म्हणाला.

तिने त्या आकड्यांखालची ओळ वाचली. तुमचं कार्ड दुसऱ्या फोनमध्ये जोडण्यासाठी. कोणालाही सांगू नका.

तिने फोन कापला. तो पुन्हा वाजू लागला. तिने तो वाजता तसाच फरशीवर ठेवला, फडताळातून बाटली काढली आणि झाकण फिरवलं.

"आई, प्या."

"पैसे आधी..."

"आई, मी दुकानदार आहे. माझं दुकान आहे हे. मी देतेय, प्या." तिने एका हाताने त्यांची मान धरली आणि बाटली ओठांना लावली. निम्मा रस हनुवटीवरून पदरावर गेला. "गिळा. अजून एक घोट. गिळा." सासरी आल्यापासून ती त्यांच्याशी अशा आवाजात बोलली नव्हती.

सासूबाई प्यायल्या. सून त्यांचा हात धरून बसून राहिली. लॅबमध्ये तिला आकडे दिसत. इथे फक्त चेहरा होता, आणि तो बदलतच नव्हता. फोन वाजायचा थांबला. दूर रूळ थरथरू लागले, त्यांची गाडी येत होती.

हळूहळू बोटं शांत झाली. सासूबाईंनी ओला पदर पाहिला, मग रिकामी बाटली, मग सुनेला.

"अगं, तू अशी खाली का बसलीस?" आणि लगेच, "याचे पैसे दिलेस?"

"नाही अजून."

बाहेर गाडीची दारं उघडली.

"आई, ही गाडी गेली तर पुढची बराच वेळ नाही."

"जाऊ दे. पैसे दिल्याशिवाय मी या दारातून बाहेर पडणार नाही."

दारं मिटली. गाडी निघून गेली आणि फलाट पुन्हा मोकळा झाला. सुनेने बँकेचा मदतीचा नंबर ॲपमधून शोधून लावला. आता सिम ओळखीचं असल्याने ॲप मुकाट्याने उघडलं. पलीकडच्या बाईने खातरजमा करायला प्रश्न विचारले, ओटीपी मात्र एकदाही मागितला नाही. कोणीतरी तुमचं कार्ड स्वतःच्या फोनला जोडू बघत होतं, म्हणून आम्हीच ते रोखलं, असं तिने सांगितलं. तुमच्या फोनवरचं सुरू करते, म्हणाली, घरी आलात की कार्ड बदलून घ्या.

सुनेने रिकामी बाटली मशीनसमोर धरली, फोन टेकवला. हिरवा.

सासूबाईंनी मशीनकडे वाकून नीट बघितलं. "गेले?"

"गेले."

"पावती?"

"फोनवर आलीय."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो नेमका आता लॉकरपाशी आला होता आणि इतके फोन बघून घाबरला होता. सासूबाईंनी फोन सुनेच्या हातातून घेतला. "आम्ही छान आहोत. गाडी चुकली. नाही, तिची चूक नाही, मीच रेंगाळले दुकानात." थोडं ऐकून त्या म्हणाल्या, "दमलोय. तू ये स्टेशनवर, बाकीचं तिथे बोलू."

त्यांनी फोन परत दिला. सुनेने तो पर्समध्ये ठेवला. ती दाराला टेकली आणि तिला एकदम रडू आलं, आवाज न करता.

सासूबाईंनी तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या, दुकानात उभ्या राहत तशाच.

"मी काही वेडंवाकडं बोलले का गं?" त्यांनी विचारलं.

"झेरॉक्स काढत होतात."

"दर बरोबर सांगितला ना?"

सून रडता रडता हसली. सासूबाई फडताळाकडे गेल्या, बिस्किटांचे दोन पुडे काढले, आणि मशीनसमोर धरून तिच्याकडे बघत थांबल्या.

"टेकव तुझा फोन. तू पण सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस."