उलटा आराखडा

गाण्याच्या कार्यक्रमात कलाकारांची देखभाल म्हणजे हसतमुखानं पुढेपुढे करणं, असं ज्याला वाटतं त्यानं एक दिवस ताईबरोबर काढून बघावा. कलाकार गाडीतून उतरला की परत गाडीत बसेपर्यंत त्याची सगळी जबाबदारी तिच्या गळ्यात. कोमट पाणी, पाठीला उशी, रुसवेफुगवे, सगळं. अकरा वर्षं ती हेच करत होती आणि तिच्या नावावर एक चूक नव्हती. सगळे तिला ताईच म्हणायचे, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा.

त्या दुपारी आले ते अण्णा, सत्तरीतले गायक. माणूस साधा, नखरे शून्य. गाडीपासून खोलीपर्यंत त्यांच्या उजवीकडून चालताना ताईनं विचारलं, "अण्णा, चहा घेणार की कॉफी?"

"हो," अण्णा म्हणाले.

ताईला वाटलं, थट्टा करतायत. पण मंचावर आवाजाची चाचणी सुरू झाली आणि थट्टा संपली. अण्णांच्या उजव्या हाताला बसलेला कीबोर्डवाला सूर देत होता, डावीकडे ड्रम दणदणत होता, आणि अण्णा आपले "अहो, सूर द्या ना!" म्हणून त्याच्यावर डाफरत होते. साउंडवाल्यानं आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटी स्पीकर किंचाळला. "आता काय कानात नेऊन ओतू?" तो पुटपुटला.

ताई मुद्दाम अण्णांच्या डाव्या बाजूला गेली आणि अगदी हळू म्हणाली, "पाणी देऊ?"

"कोमट असेल तर द्या."

अगं बाई! उजवा कान गेलाय यांचा.

आता हे बोलायचं कुणाशी? कार्यक्रम ठरवणाऱ्या मॅनेजरला कळलं तर अण्णांचे पुढचे तीन कार्यक्रम दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडणार, आणि मग अण्णांना कोण बोलावतंय? या धंद्यात अशी बातमी दोन दिवसांत सगळीकडे होते. "थांबा, थांबा," ताई मोठ्यानं म्हणाली. "बसायचा आराखडा मी उलटा दिलाय. कीबोर्ड डावीकडे, ड्रम उजवीकडे. चूक माझी."

सगळं हलवायचं म्हणजे वायरी, माइक, खुर्च्या, सगळंच आलं. साउंडवाला कपाळावर हात मारून कामाला लागला. मॅनेजर तरातरा मंचावर आला आणि त्यानं सगळ्यांदेखत ताईला झाड झाड झाडलं. "अकरा वर्षं झाली ना? अजून डावं-उजवं कळत नाही?" ताईनं खाली मान घालून ऐकून घेतलं. लाज वाटली, रागही आला, पण तोंडाला कुलूप.

संध्याकाळी अण्णा असे काही गायले की संपल्यावरही लोक खुर्च्या सोडेनात. मॅनेजर खुशीत खोलीत आला. "वा, अण्णा! पुढचे तीनही असेच होऊ द्या. आणि या ताईंना बदलतोय मी. धड माणूस देतो तुम्हाला."

ताई अण्णांची बॅग भरत राहिली.

"आराखडा मी पाठवला होता," अण्णा म्हणाले. "जुनाच. बदलला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं. माझा उजवा कान गेलाय, वर्ष झालं. यांनी ते ओळखलं आणि चूक स्वतःच्या अंगावर घेतली. आता मला कार्यक्रम द्यायचे की नाही, तुमचं तुम्ही बघा."

मॅनेजर "बघू" म्हणाला आणि निघून गेला. त्याचं 'बघू' म्हणजे काय, ते ताईला चांगलं ठाऊक होतं.

तिला रडूच फुटलं. "कशाला बोललात, अण्णा? मी खाल्ल्या होत्या ना शिव्या! मिटलं होतं ते!"

"दुपारी तो तुम्हाला बोलत होता तेव्हा मी गप्प बसलो," अण्णा म्हणाले. "म्हटलं, ऐकूच आलं नाही असं दाखवू. पण तो माझ्या डावीकडे उभा होता हो, ताई."