बाल ४१२, पान एकसष्ट

फळ्यावर, पांढऱ्या खडूने, ठसठशीत अक्षरांत:

या महिन्याची शिफारस. बाल ४१२. सरकारी बक्षीस मिळालेले. वय दहा ते पंधरा. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून मोठ्याने वाचावे. आम्ही स्वतः वाचून आनंद घेतला आहे. — श्या. वाघळे, मानद ग्रंथपाल.

यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

तसं फार मोठं खोटं नव्हतं. मुलुंडच्या दोन खोल्यांच्या वाचनालयात कोण कुणाची उलटतपासणी घ्यायला बसलंय? श्यामकांत वाघळे दिवसभर कचेरीत फायली सरकवायचा आणि संध्याकाळी साडेसहाला वाचनालयाचं कुलूप काढायचा, बिनपगारी. मुलांच्या पुस्तकांना बक्षिसं जाहीर झाली की वर्तमानपत्रातली यादी कापून ठेवायचा, पुस्तकं मागवायचा, त्यांना जाड पुठ्ठ्याची बांधणी करून घ्यायचा आणि फळा लिहायचा. आईबाप फळा वाचून पुस्तक न्यायचे. वाघळ्यांनी लिहिलंय ना, मग डोळे मिटून घ्या, असं लोक एकमेकांना सांगत, आणि ते ऐकताना श्यामकांत मुद्दाम रजिस्टरात डोकं घालून बसे. ऐकू मात्र नीट येई.

बाल ४१२ विषयी त्याला ठाऊक होतं ते एवढं. मुखपृष्ठावर बंगला, मागे डोंगर. पाठीवर चार ओळी: खंडाळ्याला सुट्टीत गेलेली तीन भावंडं, गंमत, साहस, संस्कार. पहिली सात पानं. आठव्या पानावर कुणीतरी मासिक बदलायला आलं होतं.

बस.

शेवंती बारा वर्षांची. बाप धोंडू भांडुपच्या कारखान्यात, आई रुक्मिणी चार घरची धुणीभांडी करायची. गाव मालवणच्या अलीकडे कुठेसं. शेवंतीला त्या दिवशी हवी होती एक फाटकी हेरकथा, तिसऱ्यांदा. श्यामकांतने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि ४१२ ठेवलं. असलं वाचून डोकं बिघडतं, म्हणाला. हे ने. घरी सगळ्यांना वाचून दाखव, आईलासुद्धा.

चांगलं आहे का, तिने विचारलं.

"बक्षीस काय उगाच देतात?"

पंधरा दिवसांनी रुक्मिणी स्वतः आली. वाचनालयाची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती, त्यामुळे चपला रस्त्यावरच काढून आली. मागे शेवंती, हातात ४१२. रुक्मिणीला मास्तरांचे आभार मानायचे होते. श्यामकांत कुणाचाच मास्तर नव्हता, पण पुस्तकं सांभाळतो तो मास्तर असा तिचा हिशेब. चेडू रोज जेवणं झाली की वाचून दाखवते, शेजारच्या दोघीतिघी येऊन बसतात, घरधनीसुद्धा विडी बाजूला ठेवून ऐकतो, असं सगळं तिने सांगितलं. मग म्हणाली,

"ता सखूचा माका खूप आवडला. धुक्यात पोरां वाट चुकतत, आणि ती टोप आणि पळी घेवन डोंगरार जाता. वाजयत ऱ्हवता. पोरां आवाजाच्या मागसून खाली येतत."

ही सखू म्हणजे खंडाळ्याच्या बंगल्यावरची मोलकरीण असणार, एवढं श्यामकांतने ताडलं. पुढचं त्याच्या तोंडून आपोआप निघालं.

"हो, तो पळीचा प्रसंग. मी तर दोनदा वाचला. तो आवाज कानात घुमत राहतो."

दोनदा. कुणी विचारलं होतं का, किती वेळा?

शेवंती आईच्या खांद्यामागून त्याच्याकडे बघत होती. शेजारचा मुलगा आपल्या पाटीवरचं चुकीचं उत्तर जसंच्या तसं उतरवून घेताना दिसावा, आणि बाईंना सांगावं की नाही कळू नये, तसं काहीसं त्या बघण्यात होतं. श्यामकांतला ते जाणवलं, पण रुक्मिणी इतकी खूश होती की तोही सुटला. येत्या रविवारी सकाळी पालकांचा मेळावा होता, विषय बक्षीसपात्र बालवाङ्मय. तुम्हीच या, तुम्हीच बोला, तो म्हणाला. आणि लगोलग कार्यक्रमाच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलंसुद्धा: सौ. रुक्मिणीबाई, एका आईचे मनोगत.

त्या दोघी गेल्यावर त्याने ४१२ उघडलं. पळीचा प्रसंग काढून ठेवावा, रविवारी वाचायला होईल, म्हणून.

पान एकसष्ट, सखू पहिल्यांदा बोलते ते, छापलेलं:

सखू तोंड वेंगाडून म्हणाली, "माका काय ठावक नाय वो बायनूं." तिची ती भाषा ऐकून मुले पोट धरधरून हसू लागली. "अगं, माणसासारखं बोल की," राजू म्हणाला. इतक्यात तिच्या ओच्यातून चांदीची वाटी खणकन खाली पडली. "या लोकांची जातच अशी," आत्याबाई म्हणाल्या.

पुढे मुलांनी सखूला पकडायला सापळा रचला होता. पुढे ती चिखलात घसरली. पुढे तिची नक्कल करायची स्पर्धा लागली. एकूण एकशे चार पानं. धुकं कुठेच नव्हतं. टोप नव्हता, पळी नव्हती.

पान एकसष्ट, शेवंतीने वाचलेलं. हे कुठेही छापलेलं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या श्यामकांतने ते जुळवलं. दिव्याखाली पोर वाचते आहे. समोर दिवसभर दुसऱ्यांची भांडी घासून आलेली आई, शेजारणी, बाप. 'सखू तोंड', इथवर ती वाचून गेली असणार. मग नजर एक ओळ पुढे गेली असणार. मग, 'सखू तोंड धुऊन आली आणि म्हणाली, मला ठाऊक आहे वाट.' आणि तिथून पुढे रोज संध्याकाळी, पानं वेळच्या वेळी उलटत, त्रेचाळीस पानं मनाची.

बारा वर्षांची मुलगी पुस्तकातून एका बाईला वाचवत होती, आणि मानद ग्रंथपाल म्हणाले होते, मी तर दोनदा वाचला.

त्याचे कान तापले. खोलीत कुणी नव्हतं तरी त्याने पुस्तक पालथं घातलं.

शनिवारी शेवंती एकटी आली. खिडकीशी उभी राहून म्हणाली,

"आईला बोलायला लावू नका."

"का गं?"

"तुम्ही वाचलंय ना? मग तुम्हाला माहीत आहे."

श्यामकांत बघतो म्हणाला.

आता व्हायला हवं होतं ते असं: त्याने म्हणायचं, शेवंती, तेव्हा मी वाचलं नव्हतं, माझं चुकलं. मग रुक्मिणीकडे जाऊन काहीतरी सांगून कार्यक्रमातून तिचं नाव काढायचं.

झालं ते असं: तो त्यांच्या चाळीपर्यंत गेला. रुक्मिणी ठेवणीतलं हिरवं लुगडं दोरीवर वाऱ्याला टाकत होती. तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं की हेच ते मास्तर. श्यामकांतने उद्या बाकं कमी पडतील, घरून एखादी सतरंजी आणाल का, असं विचारलं, आणि परत आला.

रविवारी चाळीसेक माणसं. अध्यक्ष मृणालिनीबाई, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या बक्षिसाची झाडून सगळी पुस्तकं वाचत, पेन्सिलीने खुणा करून. त्या आधी बोलल्या, मुलांना निवडक द्यावं वगैरे. मग त्यांनी कागद बघून रुक्मिणीचं नाव पुकारलं.

रुक्मिणी उठली. चार वाक्यं पाठ करून आली असावी, ती विसरली, आणि मग सरळ सखूचीच गोष्ट सांगायला लागली. टोपाचा तळ कसा चेपला, हात कसा भरून आला, मोठ्या मुलाच्या आधी धाकटी कशी खाली आली. लोक ऐकत होते. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी चक्क तोंड उघडं टाकून ऐकत होती. शेवंती भिंतीशी उभी, फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत.

टाळ्या पडल्या. मृणालिनीबाईंनी टेबलावरचं ४१२ जवळ ओढलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना फक्त चूक राहू द्यायची सवय नव्हती.

"छान बोललात हो बाई. पण हा प्रसंग या पुस्तकात काही नाही. सखू म्हणजे ती—"

"चूक माझी," श्यामकांत उभा राहिला. "यांच्या घरी मी दुसरंच पुस्तक दिलं होतं. आणि हे ४१२ मी वाचलेलंच नव्हतं. न वाचता फळ्यावर लिहिलं."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, वाघळ्यांची वाट लागली. हशा पिकला. मृणालिनीबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं आणि ग्रंथपालाची जबाबदारी या विषयावर पाच मिनिटं बोलल्या. तो खाली मान घालून ऐकत होता. दोघातिघांनी विचारलं, मग ते दुसरं पुस्तक कुठलं, आमच्या मुलांनाही द्या की. गहाळ झालंय, तो म्हणाला. अर्धं खरं, अर्धं खोटं, पण रुक्मिणीची लाज वाचली. त्याला हलकं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानसुद्धा वाटला. पुढे कित्येक वर्षं या सगळ्यातलं बाकी काही आठवलं नाही तरी तो अभिमान आठवून त्याला घाम फुटायचा.

लोक पांगले. श्यामकांत बाकं भिंतीला लावत होता. रुक्मिणी सतरंजीची घडी घालून थांबली होती. ती टेबलापाशी गेली आणि तिने ४१२ उचललं. उलटं धरलं, सुलटं धरलं, आतलं एक पान बोटाने चाचपलं.

"मास्तरांनू, ह्या बुक ताच."

श्यामकांत बाक धरून उभा राहिला.

"माका वाचूक येणा नाय. पण पंधरा दिवस मीच ह्या कागदात गुंडाळून फळयेर ठेवलंय. हयसर हळदीचो हात लागलो, तो माझोच." तिने पुस्तक त्याच्यापुढे धरलं. "मगे चेडवान काय वाचल्यान?"

शेवंती दाराशी होती. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने श्यामकांतला विचारलं होतं. लेकीला विचारलं असतं तर तिला खोटं पाडल्यासारखं झालं असतं, हे त्या बाईला कळत होतं. श्यामकांतला ते तिने लेकीकडे केलेल्या पाठीवरून कळलं.

मग ती बाकावर बसली. पदर सारखा केला.

"आता तुमी वाचा. तेच्यात आसा ता."

त्याने पुस्तक घेतलं. खूण नसतानाही ते आपोआप पान एकसष्टवरच उघडलं. शेवंतीसारखं करावं, असं त्याच्या मनात आलं. एक ओळ बघायची, दुसरी बोलायची. त्याने तोंड उघडलं, पण आत काहीच नव्हतं. टोप नव्हता, धुकं नव्हतं. इतकी वर्षं पुस्तकं वाटून त्याच्यापाशी स्वतःची एक ओळसुद्धा नव्हती.

मग त्याने छापलेलं वाचलं. सखू तोंड वेंगाडून म्हणाली. 'माका' हा शब्द त्याने साधा उच्चारायचा प्रयत्न केला, पण छापणाऱ्याने तो हसण्यासाठीच छापला होता, आणि त्याच्या जिभेवरही तो तसाच आला. रुक्मिणीच्या तोंडावरची रेघ हलली नाही. वाटी खाली पडली. या लोकांची, इथे तो थांबला.

"वाचा."

त्याने वाचलं. तिला ते समजायला वेळ लागला नाही.

"येका बक्षीस मेळला?"

"हो."

शेवंती आत आली आणि आईला खेटून बसली. रुक्मिणीने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि श्यामकांतकडे बघत राहिली.

"फुडे," ती म्हणाली.

त्रेचाळीस पानं होती. श्यामकांतने पान उलटलं आणि वाचायला लागला.