नळाला मुंग्या

दोन महिने आक्काबाई सांगत होत्या, "मनीषा, नळ धरला की हाताला मुंग्या येतात गं."

मनीषाने ते मनावर घेतलं नाही. आईला मधुमेह. त्यात हातापायांना मुंग्या येतातच, असं डॉक्टरही म्हणाले. त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्या आक्काबाई निमूटपणे घेत राहिल्या.

मनीषा सातपूरच्या एका कारखान्यात विजेच्या पॅनेलची तपासणी करायची. सुट्टीच्या सकाळी ती बाथरूम घासायला अनवाणीच शिरली, नळाला हात लावला आणि झटकन मागे ओढला. कोपरापर्यंत झिणझिणलं. एरवी ती रबरी चप्पल घालूनच आत जायची. आई कधीच घालत नसे.

तिने धावत जाऊन घरातला मेन स्विच बंद केला आणि टेस्टर नळाला टेकवला. तरी तो पेटलाच. म्हणजे करंट आपल्या घरातला नव्हता. इमारतीत आठ घरं, सगळ्यांचे पाइप लोखंडी, एकमेकांना जोडलेले. कुणाच्या तरी घरातून तो पाइपात उतरत होता.

"आई, पाण्याला हात लावू नकोस."

बिल्डिंगच्या ग्रुपवरही तिने तेच लिहिलं. कुणीतरी हसरा चेहरा पाठवला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, संध्याकाळी येतो. तिला बसवेना. स्कूटी काढून ती सातपूरला गेली आणि सुपरवायझर मयूरकडून गळती मोजायचा टाँग टेस्टर मागून आणला. येताना प्रत्येक सिग्नलला तिच्या डोळ्यांसमोर कुणीतरी ओल्या अंगाने नळाकडे हात नेत होतं.

जिन्याखाली ओळीने आठ मीटर. शेजारची राखी बघायला आली. मनीषाने टेस्टरचा चिमटा पहिल्या मीटरच्या एका तारेभोवती बसवला. तीन अँपिअर. मग दोन्ही तारा एकत्र चिमट्यात घेतल्या. शून्य.

"बंद पडलं का गं ते?" राखीने विचारलं.

"नाही. एका तारेतून जेवढा करंट वर जातो, तेवढाच दुसरीतून परत येतो. दोन्ही एकत्र धरल्या की जाणारा-येणारा एकमेकांना खोडतात. शून्य आलं नाही तर समजायचं, मध्येच कुठेतरी गळतोय."

दुसरा मीटर शून्य. तिसरा शून्य. चौथा, पाचवाही. सहाव्याला आकडा चढत गेला आणि दोनशे चाळीसवर थांबला.

"दोनशे चाळीस मिलिअँपिअर," मनीषा म्हणाली. "माणूस तिसातसुद्धा जाऊ शकतो, राखी."

कुणाला न विचारता तिने त्या मीटरचा मेन स्विच खाली ओढला.

"लाइट कुणी घालवली?" वरून आरडाओरडा झाला. तिसऱ्या मजल्यावरचे सावळीराम शेवाळे कानाला साबणाचा फेस, कमरेला टॉवेल, अशा अवतारात जिना उतरून आले.

"काका, गीझर चालू होता ना? त्यातूनच करंट उतरतोय."

"काहीतरीच! पाणी तर कडकडीत येतंय."

"अंघोळीला कशावर बसता?"

"लाकडी पाटावर. का?"

"म्हणून तुम्हाला कळलं नाही. थेट फरशीवर पाय असता तर…"

शेवाळे काका तसेच पायरीवर बसले.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियनने त्यांचा गीझर उघडला. आतली कॉइल फुटली होती आणि अर्थिंगची तार कुणीतरी केव्हाच कापून टाकली होती.

आक्काबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःचा तळहात उलटासुलटा करून बघितला.

"म्हणजे माझ्या हाताला काही झालंच नव्हतं."

"नाही, आई."

"मी सांगत होते तुला."

"चुकलं माझं," मनीषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिची सकाळची शिफ्ट होती. निघायची वेळ टळून गेली तरी ती बाथरूमच्या दाराबाहेर उभी होती.

"आई?"

"हं."

थोड्या वेळाने पुन्हा, "आई?"

"अगं, अंघोळ तरी करू दे मला!"