जर्मेनियमच्या चकतीतला डाग

तिचं पत्र मी बारा दिवस शब्दकोशात दडवून ठेवलं होतं. उत्तर ठाऊक होतं, म्हणूनच देववत नव्हतं.

ती माझ्या हाताखाली शिकलेली. धुरात अडकलेला माणूस शोधणाऱ्या उष्णता-कॅमेऱ्यांची परीक्षा घ्यायला ती खोटी दृश्यं दाखवणारा पडदा बनवते. टीव्हीच्या पडद्यातलेच द्रवस्फटिक, फक्त इथे ते उजेडाऐवजी उष्णता अडवतात किंवा सोडतात.

‘सर, फोनवर तुम्ही नुसतं हो-हो करता, म्हणून पत्र. प्रत्येक चित्रात मधोमध एक ऊबदार डाग येतो. दोष स्फटिकांचा ठरला तर महिनाअखेरीस काम बंद. तुम्ही मला दिलेल्या जुन्या वहीतलं शेवटचं पान फाडलेलं आहे. त्यावर काय होतं?’

वीस वर्षांपूर्वी असाच पडदा बनवताना तोच डाग मी दोन वर्षं पाहिला. स्फटिक बदलले, तारा बदलल्या, शेवटी अहवाल दिला: हे होणे नाही. सामान आवरताना बायको माझा विसरलेला चष्मा घेऊन आली, शेजारी उभी राहिली आणि डागाला जोडीदार मिळाला.

“अहो, ही ठेंगणी मी, आणि हे लंबूटांग तुम्ही!”

पडद्यापुढची जर्मेनियमची चकती डोळ्यांना पत्र्यासारखी बंद. उष्णतेला मात्र ती खिडकी, आणि थोडा आरसाही. दोन वर्षं मी माझंच तोंड मोजत होतो. आम्ही बाजूला झालो. समोर काळाकुट्ट पडदा, त्यावर काहीच नाही. आणि कॅमेऱ्याच्या चित्रात मात्र मी रचलेलं खोटं दृश्य: गार दारात उभा एक ऊबदार माणूस हात वर करत होता. बायकोनेही नकळत हात वर केला.

ते सगळं वहीत लिहिलं, आणि लोक हसतील म्हणून पान फाडलं. अहवाल तसाच राहिला.

आज कोश झटकताना पत्र बायकोच्या पायाशी पडलं. वाचून म्हणाली, “तुमच्या लाजेपायी धुरात कुणी सापडायचं राहिलं तर?”

महिना संपायला नऊ दिवस होते. मी लिहिलं: ‘चकती जरा तिरपी कर आणि बाजूला गार पाण्याचा काळा डबा ठेव, म्हणजे तिच्यात तुझ्याऐवजी तो दिसेल. स्फटिक निर्दोष आहेत. माझ्या वेळी डाग मी होतो, आता तू आहेस. हे पत्र खुशाल सगळ्यांना दाखव.’

मी वाटेतून परत फिरेन म्हणून बायको टपालपेटीपर्यंत सोबत आली.

“तिकीट लावलंत ना?”

लावलं होतं. पेटीच्या तळाशी पत्र टेकल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.