अर्जातला ‘नाही’

किसुमूतल्या आमच्या कंपनीत नेमणुकांचं काम माझ्याकडे होतं. बोअर मारायची नि पंप बसवायचे, हा कंपनीचा धंदा. काही वर्षांपासून कामं बरीचशी सरहद्दीपलीकडे, दक्षिण सुदानात निघायला लागली होती. तिथल्या जुबाला कुणाला पाठवायचं ठरलं, की त्याचा विम्याचा अर्ज माझ्या टेबलावर येई. तिकडे आजारी पडला तर दवाखाना, फारच बिघडलं तर नैरोबीला आणायला विमान, आणि माणूस गेलाच तर घरच्यांना भरपाई, असा तो विमा. मी त्याचे अर्ज इतके भरले होते, की प्रश्न न वाचताही उत्तरं लिहीत असे.

ओग्वेनो आमच्याकडे पंपाचा मेकॅनिक होता. त्याची आई आणि माझी आई एकाच गावच्या लेकी, आणि दोघी सरोवराकाठच्या उयोमात शेजारीशेजारी दिल्या होत्या. म्हणून तो मला ताई म्हणायचा. त्याला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. त्याच्याआधीच्या दोन बहिणी त्याच आजारानं गेल्या. आम्ही सगळी पोरं सरोवरात डुंबायचो तेव्हा हा काठावरच्या खडकावर आमचे कपडे सांभाळत बसायचा. गार पाण्यात उतरला की त्याची हाडं ठणकायची. ऑफिसात मात्र मी सोडून कुणाला काही माहीत नव्हतं. वर्षातून तीन-चारदा तो आठवडाभर रजा टाकायचा आणि मलेरिया झाला म्हणून सांगायचा. आमच्या भागात मलेरिया म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.

जुबाला दीड वर्ष काढून आलेला माणूस परतल्यावर सुपरवायझर होई. ओग्वेनोचं नाव दोनदा पुढे आलं आणि रजा फार होतात म्हणून दोनदा मागे पडलं. तिसऱ्यांदा त्याची निवड झाली, तेव्हा अर्ज घेऊन तो माझ्यासमोर बसला. नाव, गाव, वारस म्हणून आई, सगळं लिहून झालं. सातवा प्रश्न होता, पूर्वीपासूनचा काही आजार आहे का.

मी पेन थांबवलं. खरं तेच लिहू या, म्हटलं.

“खरं लिहिलंस तर मी इथेच,” तो म्हणाला. “जन्मभर लोकांचे कपडेच सांभाळू का, ताई?”

तो हसत होता, पण त्याच्या डोळ्यांकडे बघवेना. मी ‘नाही’ लिहिलं. त्यानं खाली सही केली. कंपनीच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, छातीला नळी लावली आणि शिक्का मारला. पुढच्या सोमवारी तो गेला.

चार महिने बरे गेले. मग एका मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. आधी दोन मिनिटं तो कामाचं बोलला, मग आवाज उतरला. दोन दिवसांपासून पाठ आणि छाती धरली होती, श्वास घेताना कळ येत होती. तिथल्या दवाखान्यानं मलेरिया ठरवून गोळ्या दिल्या होत्या. मी म्हटलं, डॉक्टरला आत्ताच्या आत्ता सिकलसेलचं सांग. तो म्हणाला, सांगितलं तर कागदावर येईल, आणि अर्जावर अक्षर तुझं आहे. उद्यापर्यंत थांब, नेहमीसारखं उतरेल.

त्याचं शेवटचं वाक्य मी इतक्यांदा आठवलंय, की आता ते त्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. पण गप्प मी त्या वाक्यानं नाही झाले, आधीच्या वाक्यानं झाले. अक्षर माझं होतं. नवरा दोन वर्षं घरी बसलेला, मुलींच्या शाळा चालू. जुबाच्या कामावरच्या मुकादमाचा नंबर माझ्यासमोर भिंतीवर लावलेला होता. मी फोन उचलला आणि परत ठेवला. बुधवारी ओग्वेनोनं फोन घेतला नाही. गुरुवारी सकाळी मुकादमाचाच फोन आला.

त्याला विम्यानंच घरी आणला. त्या वेळी विमावाले काही विचारत नाहीत. पेटी, विमान, गाडी, सगळं वेळेवर येतं. आमच्यात माणसाला परमुलखात पुरत नाहीत, त्याच्या अंगणातच त्याला माती मिळाली पाहिजे, आणि ती मिळाली. माणसांनी अंगण भरलं होतं. त्याची आई, तिला सगळे न्यार सेमे, म्हणजे सेमे या माहेरगावची लेक, म्हणतात, ती पेटीपाशी बसून राहिली. बायका मोठ्यानं रडत होत्या. ती प्रत्येकाला एकच विचारत होती, विमान का नाही आलं? मला वाटलं, पेटीचं विमान उशिरा आलं असं तिला म्हणायचंय.

सात आठवड्यांनी विमा कंपनीचा तपासनीस आला, मुतिसो नावाचा. कांबा जमातीचा माणूस, त्याला आमची लुओ भाषा येत नव्हती, आणि न्यार सेमेला स्वाहिली येत होती ती बाजारापुरती. साहेबांनी मला सांगितलं, तू तिकडचीच आहेस, दुभाषी म्हणून जा. नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं?

तिनं आम्हाला आंब्याखाली बसवलं, चहा आणि उकडलेला मका-घेवडा समोर ठेवला. मुतिसो सभ्य माणूस होता. आधी त्यानं ओग्वेनोच्या कबरीपाशी जाऊन टोपी काढली, मग वही उघडली. जुबाच्या दवाखान्यानं शेवटच्या दिवशी रक्त तपासलं होतं, आणि तो कागद त्याच्याकडे होता. त्याला एवढंच हवं होतं, की हा आजार घरच्यांना आधीपासून ठाऊक होता का.

मी तिला विचारलं. ती लगेच म्हणाली, “पाळण्यात होता तेव्हापासून. माझ्या दोन पोरी त्यातच गेल्या.”

मुतिसो माझ्याकडे बघत होता. मनात आलं, नाही म्हणावं. ‘तिला काही माहीत नव्हतं,’ एवढंच म्हटलं असतं तर भरपाई तिला मिळाली असती आणि माझी नोकरीही राहिली असती. पण मी तोंड उघडायच्या आत ती पुढे बोलली.

“याला विचार, मग विमान का नाही आलं? ओग्वेनो मला सांगून गेला होता, आई, सगळं लिहून दिलंय, कंपनीला माझं दुखणं माहीत आहे, जास्त झालं तर विमान येतं. तेवढ्यावर तर मी त्याला जाऊ दिला.”

आता कळलं, पेटीपाशी ती काय विचारत होती.

मी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा स्वाहिलीत सांगितल्या. मुतिसोनं वही मिटली. तो हळूच म्हणाला, “विमान होतं. पण कुणी फोनच केला नाही. त्यांना सांगा, अर्जात हा आजार लिहिला असता तरी आम्ही ओग्वेनोला अडवलं नसतं. डॉक्टरांचं पत्र मागवलं असतं आणि कंपनीकडून थोडा जास्त हप्ता घेतला असता. अशा किती तरी लोकांचा विमा आम्ही उतरवतो.”

पाच वर्षं मी तो अर्ज भरत होते, आणि हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्याचं बोलणं मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, “मग खोटं कुणी लिहिलं?”

“मी लिहिलं, आई. त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. त्याचा फोनही मलाच आला होता. मी कुणाला कळवलं नाही.”

तिनं माझ्यावर हात उचलला नाही, शिवी दिली नाही. माझ्या हातातला चहाचा पेला तिनं काढून घेतला, झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि घरात निघून गेली. मुतिसोनं मला विचारलं, काय बोललात? ते मी त्यालाही सांगितलं. त्यानं वही पुन्हा उघडून ते लिहून घेतलं.

भरपाई नामंजूर झाली. मला कामावरून काढलं, आणि ते बरोबरच होतं. साहेबांनी आपणहून न्यार सेमेकडे थोडी मदत पाठवली, ती तिनं घेतली. मी बसस्टँडजवळ एका शिलाई मशीनच्या दुकानात बिलं करायला लागले. उयोमाला जायचं धैर्य वर्षभर झालं नाही. माझ्या आईला भेटायचं तरी मी तिलाच किसुमूला बोलवायची.

त्याला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी मात्र गेले. सगळ्यांच्या मागे, कुंपणापाशी बसले. पाद्री येऊन गेले, लोक जेवून पांगले, तशी ती काठी टेकत माझ्यापाशी आली आणि जमिनीवर बसली. ती माझ्याकडे न बघता सरोवराच्या दिशेनं बघत होती.

“फोनवर काय म्हणाला तो?” तिनं विचारलं. “दुखण्याचं सोडून.”

मी सांगितलं, की फोनच्या थोडं आधीच नव्या बोअरला पाणी लागलं होतं. आधी गढूळ आलं, मग नितळ. बायका डबे घेऊन धावत आल्या, एका म्हातारीनं त्याच्या डोक्यावर डबाभर पाणी ओतलं, आणि तो म्हणाला, ताई, मी चिंब भिजलोय आणि मला थंडी वाजत नाहीये.

अंगावरच्या कापडाच्या टोकानं तिनं नाक पुसलं.

“परत सांग,” ती म्हणाली. “पाणी लागलं इथपासून.”