वीरगळावरची मेंढरं

निमोण्याच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या अंजना मॅडमनी प्रकल्प स्पर्धेसाठी नववीतली दोघं निवडली, सत्यजीत आणि मोनिका. विषय होता गावाबाहेरच्या भैरोबाच्या देवळाशेजारचा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. तो सत्यजीतच्या कुणा पूर्वजाचा, असं सगळं गाव धरून चाललं होतं. जत्रेत दगडापुढं पहिला नारळ त्याच्या आजोबांचा, कोंडिबा आबांचा असायचा.

नीट फोटो यावा म्हणून पोरांनी पायथ्याची माती उकरली आणि खाली आणखी एक चौकट निघाली. आडवा पडलेला वीर, उशाशी कुत्रं आणि मागं मेंढरांची रांग.

मोनिका धनगराची. तिच्या आजानं, म्हस्कूनं, मेंढरं विकून शेती धरली त्याला फार काळ झाला नव्हता. तिनं बोटानं माती पुसत शिंगांचा पीळ दाखवला, हे एडकेच, म्हणजे नर मेंढेच आहेत म्हणाली. सत्यजीत वाकून ती रांग बघत राहिला. त्यांच्या घरात मेंढरू कधी कुणी पाळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत आले. शाळा समितीचे ते अध्यक्ष, पण खुर्चीत बसले नाहीत.

"मॅडम, पोरांनी बक्षीस आणावं, गावाचा मान वाढंल," ते म्हणाले. "पर ती खालची चौकट प्रकल्पाच्या तक्त्यावर नको. माती परत लोटून घ्या."

मॅडमनी बघते म्हणून वेळ मारून नेली. मुख्याध्यापकांनीही मागाहून समजावलं, एका चौकटीवाचून काही अडत नाही. संध्याकाळी धनगरवस्तीवरची तरणी माणसं मॅडमच्या घरी आली. वीर आमचा आहे असं स्पष्ट लिहा, यंदा जत्रेत पहिला नारळ आम्ही फोडणार, असं सांगून गेली. मॅडमना आबांपेक्षा याचीच जास्त धास्ती वाटली. दगडापुढं दोन्हीकडची माणसं नारळ घेऊन उभी राहिली तर काय होईल, ते त्यांना डोळ्यांपुढं दिसत होतं.

त्यांनी पोरांना सांगितलं, दगडावर दिसतं तेवढंच तक्त्यावर येईल. नाव कोरलेलं नाही, तेव्हा वीर कुणाचा ते आपण लिहायचं नाही.

मोनिका रागानं म्हणाली, "तुम्ही आबांना भ्यालात, मॅडम."

"भ्याले," मॅडम म्हणाल्या. "पण मेंढरं काढणार नाही."

स्पर्धा दौंडला होती. सकाळी सत्यजीत एसटी स्टँडवर आलाच नाही, फोनही बंद. न्हावऱ्यावरून जाणाऱ्या गाडीत पोरांनी केलेला थर्माकोलचा वीरगळ मांडीवर सांभाळत दोघीच निघाल्या. मोनिका तिच्या वाट्याचं पाठ करत होती, मग त्याच्याही वाट्याचं करू लागली. मॅडमचं लक्ष लागेना. आपल्या हट्टापायी या पोरीला गावात काय काय ऐकावं लागेल, हाच विचार.

सभागृहात पोचल्या तर सत्यजीत दारात उभा. आबांनी त्याला स्वतःच्या गाडीतून आणलं होतं, आणि ते मागच्या रांगेत बसले होते. पोरगं मॅडमच्या नजरेला नजर देत नव्हतं.

मांडणी नीट झाली. मोनिका बोलली, सत्यजीतनं खाली मान घालून वरच्या चौकटी सांगितल्या. मग परीक्षकांनी विचारलं, "हा वीर नेमका कोणाचा?"

मोनिकाच्या ओठावर उत्तर आलेलं मॅडमना दिसलं. त्यांनी ओढणीचं टोक मुठीत आवळून धरलं. मोनिका सत्यजीतकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आजोबांना वाटतं आमचा. ह्याच्या आजोबांना वाटतं त्यांचा. दगडावर नाव न्हाई."

"म्हणजे निष्कर्ष काढलाच नाहीत तुम्ही?"

मग सत्यजीतनं मान वर केली.

"सर, मेंढरं हायती, तेवढं खरं हाय," तो म्हणाला. "आमच्या घरात ते कुणी सांगितलं न्हवतं. म्हंजी आम्हाला सगळं ठाऊक न्हाई."

मॅडमची मागं वळून बघायची छाती झाली नाही.

बक्षीस मिळालं नाही. निष्कर्ष अपुरा, असा शेरा आला. बाहेर पडल्या तर आबा गाडीपाशी उभे. त्यांनी मागचं दार उघडलं आणि थर्माकोलचा दगड मॅडमच्या हातातून घेऊन सीटवर ठेवला. नको म्हणायची सोय नव्हती.

सत्यजीत पुढं आजोबांशेजारी ताठ बसला होता. भीमेचा पूल ओलांडल्यावर आबांनी आरशातून मागं बघत विचारलं, "पोरी, ते एडकेच कशावरून?"

मोनिकानं मॅडमकडं बघितलं.

"शिंगांवरून, आबा," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं न्हाई का?"

"न्हाई," आबा म्हणाले. "जाता जाता देवळाकडं वळू. दाखव मला."